परदेशी खाटीक

वडगाव रासाईच्या शिवारात, भीमेच्या काठापासून थोडं वर, पोपटरावांचा बंगला होता. बंगल्यामागे गोठा, गोठ्याला लागून एक पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत सुलतानबी राहायची. तिचा नवरा शेखलाल पोपटरावांच्या जीपवर ड्रायव्हर होता. शिक्रापूरजवळ एका ट्रकनं जीपला समोरून धडक दिली. पोपटराव मागच्या सीटवर होते म्हणून वाचले, शेखलाल जागीच गेला. त्याला मूठमाती देईपर्यंत पोपटराव कबरस्तानात भर उन्हात डोक्याला रुमाल बांधून उभे राहिले. मग सुलतानबीला म्हणाले, "आता कुठं जायचं न्हाई. ही खोली तुझी. पोरीचं मी बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. आफरीनला दहावीपर्यंत शिकवलं. दौंडच्या बिलालचं स्थळ आलं तेव्हा मुलाची चौकशी करायला स्वतः गेले, आणि निकाहाचा मांडव आपल्या दारात घातला. गावात सगळे म्हणायचे, बाईनं नशीब काढलं. सुलतानबीही तेच म्हणायची. पण लग्नानंतर आफरीन दौंडला गेली आणि सुलतानबीला तिच्याकडे चार दिवस राहायला जायचं असलं, की तोंडातून शब्द फुटायचा नाही. ओरडणाऱ्या मालकाशी भांडून तरी उठता येतं. पोपटराव कधी ओरडलेच नव्हते.

त्यात पोपटरावांची आई, पुतळाबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून म्हातारी अंथरुणाला खिळलेली. हिनं एके काळी शेखलालचा चहाचा कप गोठ्याच्या खुंटीला वेगळा टांगला होता. आता मात्र सुलतानबीच्या हातूनच खायची. पोपटरावांच्या सुनेनं, ललितानं, घास पुढं केला तर तोंड भिंतीकडं. "तिला बोलवा," एवढंच म्हणायची. सुलतानबी कालवलेली भाकरी घेऊन बसली, की आपला सुकलेला हात तिच्या मनगटावर ठेवायची आणि जेवण होईपर्यंत काढायची नाही.

दोन हजार एकच्या दिवाळीनंतर पोपटरावांना पाखरांचा नाद लागला. कुठल्याशा कारखान्याच्या चेअरमनच्या दारात त्यांनी पक्ष्यांचं मोठं जाळीघर पाहिलं आणि तसंच आपल्याकडं हवं म्हणून बसले. पुतळाबाईंच्या खिडकीसमोरच खोलीएवढं जाळीघर उभं राहिलं. आत बाभळीच्या वाळक्या फांद्या, वर हिरवी जाळी, पाण्याची उथळ कुंडी. रंगीबेरंगी लव्हबर्ड आले, चिमणीहून लहान, लाल चोचीचे फिंच आले. पाहुण्यांना पोपटराव आधी जाळीघर दाखवायचे, मग चहा. दाणापाणी, झाडलोट अर्थातच सुलतानबीकडं आली.

शेवटच्या खेपेला मुंबईच्या दलालानं एक वेगळाच पक्षी पाठवला. साळुंकीपेक्षा जरा मोठा, डोकं काळं कुळकुळीत, पाठ राखाडी, गळा पांढरा. चोच जाड, निळसर, आणि टोकाला बारीकसा आकडा. "ऑस्ट्रेलियन मैना," दलालानं फोनवर सांगितलं, "ऐसा गाती है साब, रेडिओ बंद कर दोगे."

ते मात्र खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो पक्षी गायला. कुणीतरी पाव्यात हळूहळू फुंकर घालावी असा भरीव, ओला आवाज. दोन-चार सूर वर चढायचे, गोल वळसा घ्यायचे आणि मध्येच थांबायचे. मग पक्षी मान तिरकी करून गप्प बसायचा. जरा वेळानं पुन्हा तेवढेच सूर, पुन्हा तिथंच थांबणं.

पुतळाबाईंनी त्या दिवशी स्वतःहून उशी उंच करून मागितली.

"सुलताने, ते मधीच का गं थांबतंय?"

"काय की आई. दम लागत असंल."

"न्हाई. कुणाची तरी वाट बघतंय ते," म्हातारी म्हणाली.

आठवडाभरात एक फिंच दिसेनासा झाला. मग आणखी एक. जाळीघराच्या तळाशी पिसं सापडायची, कधी एखादा लाल पाय. पोपटरावांना वाटलं, साप शिरतोय. त्यांनी तळाला सिमेंट ओतून घेतलं, जाळीवर आणखी बारीक जाळी मारली, आणि दाराला आतली खिटी होती ती काढून बाहेरून भक्कम कडी बसवली. तरी फिंच कमी होतच राहिले.

"हे असं न्हाई कळायचं," पोपटराव म्हणाले. "सुलतानबी, तू दुपारचं आत बसत जा. काठी घे हातात. कुठनं येतंय ते तरी दिसंल."

"व्हय आप्पा," ती म्हणाली. दुसरं ती काय म्हणणार?

त्या दुपारी ललितानं तिला आत सोडलं, पाखरू निसटू नये म्हणून बाहेरून कडी घातली आणि ती विहिरीकडं धुणं घेऊन गेली. सुलतानबी लाकडी स्टुलावर बसली. ऊन जाळीतून गाळून येत होतं. लव्हबर्डांची कचकच चालू होती. सापाचा कुठं पत्ता नव्हता. तिचा डोळा लागणार, एवढ्यात वरच्या फांदीवरून काहीतरी दगडासारखं खाली आलं.

तो राखाडी पक्षी होता. कुंडीच्या काठावर पाणी पिणाऱ्या फिंचच्या मानेवर त्यानं एकच घाव घातला, त्याला चोचीत धरलं आणि बाभळीच्या फांदीवर नेलं. तिथं एक बेचकं होतं. त्यात फिंचचं डोकं त्यानं नीट अडकवलं, खाली ओढून घट्ट बसलंय का पाहिलं, आणि मग तो पिसं उपटायला लागला. बाकीची पाखरं एका कोपऱ्यात जाळीला चिकटून गप्प झाली होती.

"हाड्! हाड्!" करत सुलतानबी काठी घेऊन उठली. पक्षी फांदी सोडून सरळ तिच्या तोंडावर आला. कानाजवळ चोच कट्‌कन वाजली आणि भुवईवर आग झाली. तिनं हात लावला तर बोटं लाल. ती दाराकडं धावली, दार ओढलं, आणि तेव्हा तिला आठवलं, कडी बाहेर आहे. जाळीची भोकं इतकी बारीक, की करंगळीसुद्धा बाहेर जाईना. ती बारीक जाळी तारेनं बांधताना पोपटरावांच्या गड्याला हातभार तिनंच तर लावला होता.

"ललिता! ए ललिता!"

विहिरीवर मोटर चालू होती. कुणाला ऐकू जाणार? पक्षी पुन्हा आला. तिनं पदर डोक्यावरून ओढला आणि ती कोपऱ्यात खाली बसली.

समोर पाच-सहा हातांवर पुतळाबाईंची खिडकी होती. तिथून आवाज आला, "काय झालं गं?"

"आई, मी आत अडकलीया! पाखरू डोळे फोडतंय! ललिताला हाक मारा!"

म्हातारीनं हाक मारायचा प्रयत्न केला, पण तिचा आवाज खोलीच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नव्हता. मग उशाचा पितळी तांब्या घेऊन तिनं पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बडवायला सुरुवात केली. ठण्, ठण्, ठण्. थांबायची, धाप लागायची, पुन्हा ठण्, ठण्. एक उठू शकत नव्हती, दुसरी बाहेर येऊ शकत नव्हती, आणि मध्ये ते ऊन.

पदराआडून सुलतानबी बघत होती. पक्ष्याचं आता तिच्याकडं लक्ष नव्हतं. तो आपल्या बेचक्याकडं परतला होता आणि शांतपणे, टापटिपीनं खात होता. लहानपणी बापाबरोबर रानात जाताना तिनं बाभळीच्या काट्याला टोळ टोचून ठेवलेले पाहिले होते. बाप म्हणायचा, हा खाटीक पाखराचा माल, हात लावू नको. हा तसलाच कुणीतरी होता, फक्त थोराड. उरलेला तुकडा त्यानं दुसऱ्या बेचक्यात खोचून ठेवला, चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी पुसली, आणि गायला लागला. सकाळचेच सूर. तोच ओला, गोड आवाज, त्याच गळ्यातून.

तांब्याचा आवाज ऐकून ललिता धावत आली, तोवर म्हातारीच्या हाताला फोड आला होता.

दुसऱ्या दिवशी गाय तपासायला गुरांचे डॉक्टर आले होते. त्यांना पाखरांची आवड होती. जाळीपाशी उभे राहून ते बराच वेळ बघत राहिले.

"अहो, ही कसली मैना! हा तिकडचा खाटीक आहे, बुचरबर्ड. चोरून आणलेला दिसतोय. याला दाण्यात ठेवलं म्हणजे बिबट्याला कडबा घातल्यासारखंच झालं."

"पर गातो की वो," पोपटराव म्हणाले.

"गातोच. तिकडं लोक पहाटे याच्या गाण्यानं जागे होतात. नर-मादी मिळून गातात, एकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं पुरं करायचं. पायात ससाण्यासारखा जोर नसतो याच्या, म्हणून भक्ष्य बेचक्यात अडकवून फाडतो. आणि घरट्याजवळ माणूस आला तर सरळ तोंडावर येतो." डॉक्टरांनी सुलतानबीच्या भुवईकडं पाहिलं. "पोरं मोठी झाली तरी वर्षभर आईबापाजवळ राहतात. पुढची पिल्लं वाढवायला मदत करतात."

"म्हंजी चांगलं पाखरू हाय," खिडकीतून पुतळाबाई म्हणाली.

पोपटरावांनी दलालाला फोन लावला. तो माल परत घेईना. सोडून द्यायचं म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, इथं त्याचं कुणी नाही, कावळे-कोतवाल दोन दिवस जगू द्यायचे नाहीत. मारून टाकू म्हणून एक गडी पुढं झाला, तेव्हा पुतळाबाईंनी पलंगावरून ठणकावलं, "त्याला माझ्या खिडकीत टांगा. माझ्यासारखंच अडकलंय, राहू द्या."

पोपटाचा जुना पिंजरा खिडकीत टांगला गेला. आता त्याला मांस कोण घालणार? घर माळकरी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. सगळ्यांनी सुलतानबीकडं पाहिलं. तेव्हापासून बाजारादिवशी थोडा खिमा आणणं, एरवी गोठ्यातल्या पाली, झुरळं, टोळ धरणं, हे तिचं एक काम वाढलं. पक्षी तिच्या बोटांतून तुकडा ओढून घ्यायचा, अर्धा खायचा, अर्धा पिंजऱ्याच्या दोन गजांत खोचून ठेवायचा. पण त्या लहान पिंजऱ्यात गेल्यापासून त्याचा गळा बसला तो बसलाच. उजाडलं की मान तिरकी करून नुसता बसायचा.

उन्हाळ्यात आफरीनला दिवस भरत आले. पहिलंच बाळंतपण. तिची सासू केव्हाच वारलेली. दौंडला रेल्वे स्टेशनामागं बिलालची दोन खोल्यांची जागा होती, बिलाल दिवसभर वेल्डिंगच्या दुकानात. आफरीननं शेजाऱ्यांच्या फोनवरून बंगल्यावर फोन केला. "अम्मी, तू कधी येतेस? डॉक्टरनं याच महिन्यात सांगितलंय."

सुलतानबीनं तीन वेळा मनात वाक्य जुळवलं आणि पोपटराव झोपाळ्यावर पान लावत बसले होते तेव्हा त्यांच्यापुढं उभी राहिली.

"आप्पा, आफरीनचं बाळंतपण हाय. मला चाळीस दिवस जायाला लागंल."

पोपटरावांनी पान खाली ठेवलं. चेहरा उजळला त्यांचा. "अगं मग जायाचं कशाला? तिलाच इकडं आण! लेक माहेरीच बाळंत होती ना? हे तिचं माहेरच हाय. शिरूरला चांगला दवाखाना हाय, दारात गाडी उभी ठेवतो. आईचंबी अडायचं न्हाई."

ते इतक्या मनापासून बोलले, की सुलतानबीला कोंडल्यासारखं झालं. ती मान हलवून आत आली. आफरीनला तिनं फोनवर सांगितलं.

"अम्मी, आप्पा चांगले आहेत. पण मी तिथं आले, तर बाळाला तेल लावता लावता तुला आत हाक येणार. तू उठणार. मी तुला लहानपणापासून उठतानाच बघितलंय." मग हळूच म्हणाली, "तू नाही आलीस तरी चालेल. शेजारच्या खाला आहेत."

हे "तरी चालेल" सुलतानबीच्या काळजात रुतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुतळाबाईंना भरवलं, पाठ पुसली, कूस बदलली. पक्ष्याला खिमा घातला. मग म्हातारीचा हात मनगटावरून अलगद काढून पांघरुणावर ठेवला.

"आई, मी दौंडला चाललीया."

"सांजच्याला येशील?"

"न्हाई."

म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं. सुलतानबी कापडी पिशवी घेऊन निघाली. ललिताला ओट्यावरूनच सांगितलं, पोपटराव तालुक्याला गेले होते. वडापच्या जीपमध्ये मागं अंग चोरून ती केडगावपर्यंत गेली, तिथून रेल्वेनं दौंड. रस्ताभर तिला वाटत होतं, मागून एखादी गाडी येईल, हॉर्न वाजेल आणि कुणीतरी प्रेमानं म्हणेल, चल, घरी सोडतो.

दुसऱ्याच दिवशी आफरीनला मुलगी झाली. आणि बाळ चार दिवसांचं होतं तेव्हा गाडी खरंच आली. स्टेशनामागच्या त्या बोळात पोपटरावांची पांढरी गाडी शिरेना, म्हणून ते तोंडाशीच उतरून चालत आले. हातात पेढ्यांचा पुडा, बाळासाठी झबलं. मोहल्ल्यातली माणसं दारात आली. एवढा मोठा माणूस! कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. पोपटराव खुर्चीवर बसले नाहीत. दारात उभे राहून त्यांनी सगळ्यांदेखत सुलतानबीला हात जोडले.

"आई जेवत न्हाई गं. तू गेल्यापासनं नुसतं पाणी घेती. मी तुला कधी कुठल्या कामाला जबरदस्ती केली का? आता एवढं ऐक. चल."

शेजारची खाला लगेच म्हणाली, "जा, सुलतानबी. पोरीचं आम्ही बघू. इतक्या मोठ्या माणसाला रिकामं पाठवायचं नाही."

सुलतानबीनं आत पाहिलं. आफरीन खाटेवर बसली होती, बाळ मांडीवर. आईकडं बघतसुद्धा नव्हती. बाळाच्या टोपीची नाडी नीट करत होती, सुटायची, पुन्हा बांधायची.

सुलतानबीचे पाय चपलेकडं वळले होते. एक चप्पल पायात गेलीही. तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं, "आप्पा, आईंनाच हितं आणा."

"काय?"

"आईंना हितं आणा. गाडी हाय की. मी त्यांना भरवीन, कूस बदलीन, बाळाचंबी करीन. हितं दवाखानाबी जवळ हाय. एक खोली आम्ही मोकळी करतो."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हातारी उपाशी आहे, लेक बाळंतीण आहे, दोघींचं करायचं तर दुसरा मार्ग तिला दिसलाच नाही. पण पोपटराव बघतच राहिले. त्यांनी त्या दोन खोल्या पाहिल्या, दोरीवर वाळणारे बाळाचे कपडे पाहिले, बोळात जमलेली माणसं पाहिली. ते हसायला गेले, हसू ओठांपर्यंत येऊन थांबलं.

"आई हितं? आगं, कसं..."

पोपटरावांनी पेढ्यांचा पुडा खाटेच्या कडेला ठेवला, बाळाच्या कपाळाला बोट लावलं आणि "बरं" म्हणून ते निघाले. त्यांची पाठ बोळातून वळेपर्यंत सुलतानबी एका पायात चप्पल घालून तशीच उभी होती.

तीन-चार दिवसांनी दारात टेम्पो थांबला. सोबत ललिता होती. तिनं सुलतानबीची पत्र्याची पेटी, गादी, दोन पातेली उतरवून दिली, आणि शेवटी गोणपाट टाकलेला पिंजरा.

"भाभी, खोलीत नवा ड्रायव्हर आला राहायला," ललिता नजर चुकवत म्हणाली. "मामंजी रागावले न्हाईत. पण बोलतबी न्हाईत. आणि ह्याला आमच्यात कोण चारणार? दोन दिवस पोळी टाकली, शिवला न्हाई. गड्यानं चार टोळ धरून टाकले, त्यावर तगलाय."

"आई?"

"जेवल्या. शिव्या देत देत, पण माझ्या हातनं जेवल्या."

पेटी आत घेताना सुलतानबीला हायसं वाटलं आणि पायाखालची जमीन सरकल्यासारखंही वाटलं. आता परत जायला जागाच उरली नव्हती. बिलालनं तक्रार केली नाही. दुकानातल्या उरल्यासुरल्या जाळीचा त्यानं मागच्या बोळकंडीत माणूस उभा राहील एवढा पिंजरा वेल्ड केला, आत बाभळीची बेचक्याची फांदी रोवली. पक्षी पहिल्या दिवशी जाळीला धडका मारत राहिला. मग गप्प झाला. पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी तो गायला. दोन-चार सूर, गोल वळसा, आणि तिथंच थांबला. यार्डात इंजिनाची शिट्टी झाली. पक्ष्यानं मान तिरकी केली, ती आपल्यासाठी नाही हे त्याला कळलं असावं, आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दिवाळीच्या सुमारास सुलतानबी पुतळाबाईंना भेटायला वडगावला गेली. कुणी बोलावलं नव्हतं. पोपटरावांनी "ये" म्हटलं, नातीचं नाव विचारलं आणि पेपर पुढं धरला. म्हातारी आता फारच वाळली होती. सुलतानबीला ओळखून तिनं लगेच मनगट धरलं.

"पाखरू हाय का?"

"हाय. गातं."

"पुरं गातं?"

"न्हाई, आई. अर्धंच."

म्हातारीनं मान हलवली. दुपार तशीच गेली. बाहेर वडापवाल्यानं हॉर्न दिला, सुलतानबी उठायला गेली, तर मनगट सुटेना. म्हातारीच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

"न्हाई सोडायची मी," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"आई, गाडी जाईल."

दुसऱ्यांदा हॉर्न वाजला. तेवढ्यात ललिता आत आली. पलंगाशी बसून तिनं म्हातारीचं एकेक बोट सुलतानबीच्या मनगटावरून सोडवलं आणि आपल्या मनगटावर ठेवलं. बोटं तिथंही तितकीच घट्ट मिटली. तीस-बत्तीस वर्षांची ललिता, पण तिच्या कपाळावरचे केस पांढरे झालेले सुलतानबीला आत्ता दिसले.

"माहेरी जाऊन आलीस का दिवाळीला?" तिनं विचारलं.

"कशी जाणार, भाभी? दुसऱ्या कुणाच्या हातनं खात न्हाईत आता." ललिता जराशी हसली. "जावा तुम्ही. तो थांबायचा न्हाई."

सुलतानबी उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. ललिताला काहीतरी सांगावं, निदान परत येऊन एखादा दिवस बसते म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण ते शब्द बाहेर पडले असते तर ती पुन्हा तिथंच बसली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. ती उंबरा ओलांडून जीपकडं निघाली. जीप गच्च भरलेली होती. दोन बायकांच्या मध्ये वीतभर जागा होती, तिथं तिनं स्वतःला कोंबलं, आणि मागचं फळकूट कुणीतरी बाहेरून लावलं.